फरशी चकचकीत, पगार थकीत

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवरील हल्ल्याचा राजकीय झटका महाराष्ट्रात सर्वाधिक बसला तो लातूर आणि नांदेडला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्ला सुरू झाला आणि ३० तारखेला चाकूरचे शिवराज पाटील केंद्रीय गृहमंत्रिपदावरून पायउतार झाले. उद्ध्वस्त ताजची पाहणी करताना बाभळगावच्या विलासराव देशमुखांसोबत त्यांचा अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट-दिग्दर्शक होता. त्यावरून गदारोळ उठला आणि त्यांचेही मुख्यमंत्रिपद गेले. ८ डिसेंबरला त्यांच्या जागी नांदेडचे अशोक चव्हाण आले. लातूरचे दोन गेले, नांदेडचा एक आला, हा हिशेब आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर आजही तोंडपाठ आहे.

त्याच हॉटेलात त्या रात्री वाढप्यांनी, आचाऱ्यांनी आणि टेलिफोन ऑपरेटरांनी काय केले, हे मात्र टपरीवर कोणी सांगत नाही. या दोन शहरांत काचेच्या दर्शनी भिंतींची हॉटेले, बँक्वेट हॉल आणि लॉन ज्या वेगाने उभे राहत आहेत, तो पाहता आपल्या उपयोगाची गोष्ट ही दुसरी आहे.

हॉटेलच्या एका दालनात हिंदुस्थान युनिलिव्हरच्या अधिकाऱ्यांची मेजवानी चालू होती. तिची व्यवस्था पाहणारी मल्लिका जगद तेव्हा २४ वर्षांची होती. गडबड कानावर येताच तिने दारे लावून घेतली, दिवे घालवले, पाहुण्यांना टेबलांखाली जायला सांगितले. घरातली दोन्ही माणसे एकदम जाऊ नयेत म्हणून नवरा-बायकोंना एकमेकांपासून दूर बसवले. रात्रभर तिचे सहकारी पाहुण्यांना पाणी विचारत राहिले. टेलिफोन ऑपरेटर एकदा सुखरूप बाहेर पडूनही परत आत गेले, कारण खोल्यांत अडकलेल्यांना ‘दार उघडू नका’ असे सांगणारा आवाज हवा होता. पाहुण्यांना बाहेर काढताना स्वयंपाकघरातल्या लोकांनी त्यांच्याभोवती स्वतःचे कडे केले आणि त्यांतले काही तिथेच मारले गेले. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर दगावली, तरी ते कामावरून हलले नाहीत. ताजमध्ये किमान ३१ जणांचा बळी गेला, त्यांतले जवळजवळ एक-तृतीयांश हॉटेलचे कर्मचारी होते.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि त्यांच्या सहकारी अंजली रैना यांनी या प्रकाराची कारणे शोधली. त्यांचा लेख डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलेली कारणे मराठवाड्यातल्या हॉटेलमालकांनी भिंतीवर लावावीत अशी आहेत. ताज आपली माणसे शोधताना महानगरांपेक्षा लहान आणि मध्यम शहरांकडे जास्त पाहत होते. हुशारीच्या गुणांपेक्षा मुलगा वडीलधाऱ्यांशी कसा बोलतो, घरची जबाबदारी उचलतो का, हे तपासत होते. इतरत्र साधारण १२ महिन्यांचे प्रशिक्षण असते, तिथे ते १८ महिन्यांचे होते. शिकवणारे बाहेरचे सल्लागार नव्हते, हॉटेलातलेच अनुभवी अधिकारी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाहुणा आणि कंपनी यांच्या हिताचा प्रश्न आला तर पाहुण्याची बाजू घे, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, असे नव्या पोराला पहिल्यापासून सांगितले जात होते. चांगले काम केले की त्याची पावती वर्षाअखेरच्या समारंभापर्यंत लांबत नव्हती, वरिष्ठांकडून ताबडतोब मिळत होती.

ताज म्हणजे संतांचा मठ नव्हे, नफ्यासाठी चालवलेला धंदा आहे. म्हणूनच हा दाखला कामाचा. पुण्य मिळावे म्हणून यातले काही केले गेले नव्हते. आणि वाढप्याने पाहुण्यासाठी गोळी झेलावी, हा या कथेचा बोध कोणी काढत असेल तर तो निर्लज्जपणा आहे. संकटाच्या रात्री वरिष्ठांचा हुकूम येण्याची वाट न पाहता चोवीस वर्षांची मुलगी निर्णय घेऊ शकली. तिला तो अधिकार शांततेच्या दिवसांत रोज वापरायची सवय होती, हा खरा बोध.

असामान्य सेवा कशात असते, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे: सर्वांत खालच्या माणसाला किती माहिती दिली आहे, किती अधिकार दिला आहे आणि त्याच्या पाठीशी किती खात्री उभी केली आहे. मऊ गादी, सुगंधी टॉवेल, दारातला फेटेवाला हे सगळे पैशाने महिन्याभरात आणता येते. खालच्या माणसाची खात्री आणायला वर्षे लागतात, आणि ती बाहेरून दिसत नाही. नांदेड-लातूरमध्ये दिसणारे आधी आणले जात आहे आणि न दिसणारे पुढच्या हंगामावर ढकलले जात आहे. माझी काळजी तिथे आहे.

पाहुणचाराच्या बाबतीत नांदेड काही नवशिके गाव नाही. २००८ च्याच ऑक्टोबरअखेरीस, ताजवरील हल्ल्याच्या जेमतेम चार आठवडे आधी, येथे गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले, त्याला ३०० वर्षे झाली होती. देशोदेशीचे लाखो भाविक आले. त्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला, यात्री निवास उभे राहिले. आज नांदेडला जे हॉटेलांचे पीक दिसते त्याचे बियाणे बरेचसे त्या सोहळ्यातले आहे.

पण नांदेडची खरी ख्याती इमारतींची नाही. बाबा निधानसिंगांच्या नावाशी जोडलेल्या गुरुद्वारा लंगर साहिबात पंगतीला बसा. पोळी हातावर ठेवण्यापूर्वी वाढणारा तुमची जात, गाव, गाडी काही विचारत नाही. जोडाघरात बाहेरगावचा एखादा बडा व्यापारी यात्रेकरूंच्या चपला पुसताना दिसतो आणि त्याचे कोणाला अप्रूपही वाटत नाही. अमृतसरहून नांदेडला येणाऱ्या सचखंड एक्सप्रेसच्या प्रवाशांना वाटेतल्या स्थानकांवर मोफत लंगर मिळतो. अशी गाडी देशात शोधून सापडायची नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात अडकले. महिनाभराहून अधिक काळ त्यांची राहण्या-जेवण्याची सोय गुरुद्वाऱ्याने केली. मे उजाडेपर्यंत त्यातल्या बहुतेकांची बसगाड्यांनी पाठवणी झाली. पुढे त्यावरून राजकारण झाले ते वेगळे, पण गावात अडकलेला पाहुणा उपाशी राहिला नाही.

हा वारसा जवळ असताना नांदेडच्या हॉटेलांना पाहुणचार शिकायला परदेशी जायची गरज काय, असे कोणीही म्हणेल. इथेच पहिला धोका आहे. लंगरातला सेवादार पोट भरलेले असताना येतो. चार तास, चार दिवस सेवा करतो आणि आपल्या घरी, आपल्या दुकानात परत जातो. त्या सेवेतून त्याला मान मिळतो, कारण ती त्याने स्वतः निवडलेली असते. हॉटेलातल्या पोराचे घर त्या कामावर चालते. त्याला ‘सेवा समजून कर’ असे सांगणारा मालक त्या शब्दाचे पुण्य स्वतःच्या खात्यात घेतो आणि मजुरी पोराच्या खात्यातून कापतो. शहराच्या धार्मिक प्रतिष्ठेची ढाल पुढे करून कमी पगार आणि बिनसुट्टीचे महिने खपवणे ही लंगराची परंपरा नव्हे, तिची विटंबना आहे. भाविकांच्या गर्दीत, हल्लामोहल्ला आणि दसऱ्याच्या दिवसांत, हे फार सहज घडते. गर्दी दाराशी असते आणि नाही म्हणायची सोय कोणालाच नसते.

दुसरा धोका याच्या उलट्या टोकाचा आहे, आणि तो आपल्या जुन्या हाडांत मुरलेला आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतरही गढ्या आणि वाडे यांच्यासमोर वाकून उभे राहायची सवय लगेच गेली नाही. २०१० मध्ये हैदराबादचा फलकनुमा राजवाडा ताजने हॉटेल म्हणून खुला केला. १०१ माणसांचे भोजनाचे टेबल असलेल्या त्या वास्तूत पाहुणा बग्गीतून येतो आणि वरून पाकळ्या पडतात. हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, त्यामुळे लग्नाच्या बोलण्यांत फलकनुमाचे व्हिडिओ फिरतात. ज्यांच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात सारा भरला, त्यांच्या नातवांना आता दोन तास निजाम व्हायचे आहे. त्यात गैर काही नाही, हौसेला मोल नसते. मात्र मागणी ओळखून आपल्याकडच्या हॉलवाल्यांनीही पाकळ्या, पायघड्या आणि हात जोडून रांगेत उभी असलेली पोरे यांचे पॅकेज केले. फलकनुमात पाकळी टाकणाऱ्यामागे काही महिन्यांचे प्रशिक्षण आणि बऱ्यापैकी नोकरी असते. इकडे ठेकेदाराने सकाळी टेम्पोतून आणलेली अकरावीची मुले असतात. त्यांना फेटा बांधलेला असतो, आणि जेवण शेवटची पंगत उठल्यावर.

याला सेवा म्हणणे म्हणजे चाकरीला अत्तर लावणे आहे. पाहुणा दिवाणखान्यात सोफ्यावर बसून ‘ए बारक्या’ अशी हाक मारतो, पोऱ्या धावत येतो, मालक लांबून समाधानाने पाहतो. या दृश्यात झुकणे आहे, तत्परता आहे, भीतीही आहे, पण पाहुण्याला काय हवे याचे भान कुठेच नाही. घाबरलेला माणूस फक्त हाकेला उत्तर देतो. उत्तम हॉटेलात हाक मारायची वेळ येत नाही. आजीला जिना चढताना त्रास होतो हे सामान उचलणाऱ्याने पाहिलेले असते आणि त्याने स्वागतकक्षाला सांगून खालच्या मजल्यावरची खोली दिलेली असते. त्यासाठी त्याला पाहायला फुरसत हवी, सांगायला माणूस हवा आणि आपले म्हणणे ऐकले जाईल ही खात्री हवी. तिन्ही गोष्टी भीतीच्या वातावरणात उगवत नाहीत.

यात जातीचाही पदर आहे आणि तो झाकून लिहिण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. घटनाकारांनी हॉटेल हा शब्द घटनेत लिहिला, कारण चहाचा कप कोणाला कोणत्या बशीत मिळतो, हा या देशातला जुना आणि कडू प्रश्न होता. पाहुणा म्हणून आत येण्याचा प्रश्न बराचसा सुटला. कोण स्वयंपाकघरात, कोण काउंटरवर आणि कोण संडास धुवायला, हा प्रश्न हॉटेलाच्या मागच्या दाराने टिकून आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांत सफाईचे काम करणारा माणूस वीस वर्षे सफाईच करतो. उत्तम हॉटेलांचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. सेझार रिट्झ १८५० मध्ये स्वित्झर्लंडमधील निडरवाल्ड या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी तेरावे अपत्य म्हणून जन्मले आणि १८९८ मध्ये पॅरिसला त्यांच्या नावाचे हॉटेल उघडले. मोहनसिंग ओबेरॉय १९२२ मध्ये सिमल्याच्या सेसिल हॉटेलात ५० रुपये महिन्यावर कारकून होते. खालून वर जाण्याचा जिना उघडा असेल तरच खालचा माणूस वरच्यासारखा विचार करू लागतो.

अधिकाराबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या मालकांना सर्वांत जास्त तोच झोंबतो. रिट्झ-कार्लटन या साखळीत कोणत्याही कर्मचाऱ्याला, झाडूवाल्यालासुद्धा, पाहुण्याची अडचण दूर करण्यासाठी २००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. वरिष्ठांची परवानगी लागत नाही. हा आकडा ऐकून आपल्याकडचा मालक हसतो, पोरे लुटून नेतील म्हणतो. प्रत्यक्षात एवढी रक्कम क्वचितच खर्च होते. बहुतेक अडचणी एका माफीने, एका बदललेल्या खोलीने किंवा एका न लावलेल्या बिलाने मिटतात. मुभेचा उपयोग पैशापेक्षा वेळेसाठी असतो. तक्रार ऐकणारा आणि तक्रार मिटवणारा माणूस एकच असला की पाहुण्याचा राग चढायला वेळच मिळत नाही. आता आपल्याकडचे चित्र पाहा. भाजीत केस निघाला तर वाढपी ताट उचलून नेतो, मॅनेजरला विचारतो, मॅनेजर मालकाला फोन लावतो, मालक लग्नाला गेलेला असतो. साठ रुपयांच्या ताटाचा निर्णय वीस मिनिटे हवेत लटकतो. शेवटी ताट बदलून मिळते, बिलही माफ होते, पण तोपर्यंत पाहुण्याने मोबाइलवर काय लिहायचे ते लिहिलेले असते. आणि महिनाअखेरीला त्या ताटाचे साठ रुपये वाढप्याच्या पगारातून कापले जातात. पुढच्या वेळी केस निघाला तर तो वाढपी काय करेल? तो न पाहिल्यासारखे करेल. सेवेची घसरण अशी पगाराच्या वहीत सुरू होते.

हसऱ्या चेहऱ्याचेही असेच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात विमानातल्या हवाईसुंदरींचा अभ्यास मांडला. मनात काहीही असले तरी चेहऱ्यावर ठरावीक भावना आणणे हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात, असे त्यांनी दाखवले. असा माणूस कालांतराने घरीही खोटाच हसू लागतो, किंवा कशालाच हसेनासा होतो. आपल्याकडे ‘गिऱ्हाइकाशी हसून बोल’ हा प्रशिक्षणाचा पहिला आणि बहुधा शेवटचा धडा असतो. बारा-चौदा तास उभे राहिलेल्या, तळघरातल्या खोलीत आठ जणांत झोपणाऱ्या पोराकडून हसू मागता येते. ते मिळतेही. पाहुण्याला मात्र ते ओळखता येते, आपण गृहीत धरतो त्यापेक्षा पाहुणा हुशार असतो.

कायदा या पोरांच्या बाबतीत गप्प नाही. १४ वर्षांखालील मुलांना धाबे, हॉटेले आणि घरकामावर ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवून दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले. हॉटेलमालकांच्या बैठकीत यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘तपासणीवाल्यांचा त्रास’ असे नाव मिळते. माझ्या मते हे किमान प्रवेशशुल्क आहे. ज्याच्या हातात नियुक्तिपत्र नाही, तो उद्या इथे असेल की नाही हे त्याला ठाऊक नसते. मग गेल्या वर्षी आलेल्या पाहुण्याला कोणती खोली आवडली होती, हे त्याने कशासाठी लक्षात ठेवावे?

तारांकनाची पाटी यावर उपाय नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलांचे वर्गीकरण करते, पण ते ऐच्छिक आहे. त्यात खोलीचे क्षेत्रफळ, लिफ्ट, सोयी यांची मोजदाद बरीच असते. आपल्याकडच्या काही पाट्यांवरचे तारे तर थेट पेंटरने दिलेले असतात.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पूर्ण खोटी नाही. लग्नसराईत सहा महिने काम आणि पावसाळ्यात शुकशुकाट असा धंदा आहे. पोर शिकवले की पुण्याला, गोव्याला, दुबईला किंवा जहाजावर पळते. मग शिकवण्यावर पैसा कोणी घालायचा? तक्रार रास्त वाटते, पण तिच्यात एक गफलत आहे. पोरे शिकल्यामुळे जात नाहीत, शिकल्यानंतर इथे पुढे काही नसते म्हणून जातात. छत्रपती संभाजीनगरमध्ये मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्ट आणि ताज यांच्या सहकार्यातून हॉटेल व्यवस्थापनाची संस्था सुरू झाली, तिला आता बरीच वर्षे झाली. तिच्यासारख्या संस्थांतून बाहेर पडणारी मराठवाड्याची मुले जगभर काम करतात. ताजसारखी बडी हॉटेले लहान शहरांतली माणसे मुद्दाम हुडकतात, हे वर आलेच. म्हणजे कच्चा माल आपला, पारख त्यांची आणि मोठेपण त्यांचे.

लातूरची अडचण आणखी वेगळी. ‘लातूर पॅटर्न’ने या शहराला देशभर नाव दिले, डॉक्टर आणि इंजिनीअर घडवले. त्याची एक किंमत अशी की इथल्या घरांत हॉटेल व्यवस्थापन म्हणजे ‘नीट’मध्ये घसरलेल्याचा रस्ता समजतात. हजारो मुले बाहेरगावाहून येऊन वसतिगृहांत आणि मेसमध्ये राहतात. म्हणजे हे शहर वर्षाचे बारा महिने पाहुणे सांभाळते, तरीही पाहुणचार ही विद्या आहे असे त्याला वाटत नाही. पर्यायातून उत्तर निवडायला शिकवता येते. समोरचा मुलगा आज जेवला नाही, घरून फोन आल्यापासून गप्प आहे, हे ओळखायला शिकवण्याची शिकवणी लातूरमध्ये नाही. एखाद्या मेसवाल्या मावशींना ते येते, पण त्यांच्या त्या ज्ञानाला बाजारात भाव नाही. उद्या लातूरमध्ये खरोखर उत्तम हॉटेल काढायचे असेल तर पहिला सल्लागार म्हणून मी मुंबईचा तज्ज्ञ बोलावणार नाही, अशा दोन मावशींना पगारावर घेईन.

आणि पाणी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. मांजरा धरण कोरडे पडले होते, नळाला पाणी नव्हते, टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्या शहरात आता खोलीगणिक बाथटब बसवणे आणि दारात कारंजे उडवणे याला वैभव म्हणायचे का? विठ्ठल कामतांनी १९९७ मध्ये मुंबईत उघडलेले ऑर्किड हॉटेल पर्यावरणाच्या निगेसाठीच पंचतारांकितांत नावाजले गेले. पाणी वाचवणे हा तिथे अभिमानाचा विषय केला गेला. ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या तरुणांनी भरपूर वाचले, पण त्यातून उचलले ते बहुधा मोठे हॉटेल बांधायचे स्वप्न. लातूरच्या पाहुण्याला बादलीभर पाण्याचे कारण नम्रपणे समजावून सांगू शकणारा कर्मचारी हे या शहराचे खरे वैभव ठरेल. त्यासाठी कर्मचाऱ्याला शहराचा इतिहास ठाऊक हवा, आणि त्याच्या स्वतःच्या खोलीतही पाणी हवे.

खालच्या माणसाच्या पाठीशी खात्री उभी करण्याबद्दल वर लिहिले, त्यासाठी ताजकडे एकदा परत जातो. हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्येच ‘ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट’ स्थापन झाला. मदत हॉटेलच्या माणसांपुरती ठेवली गेली नाही, बाहेरच्या पीडितांपर्यंतही ती गेली. हॉटेलचा जुना भाग पूर्ववत उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला, पण माणसांना वाऱ्यावर सोडल्याची बोंब झाली नाही. टाळेबंदीत, २०२० च्या उन्हाळ्यात, आपल्याकडच्या किती हॉटेलांनी कामगारांचा एप्रिलचा पगार दिला, याची आठवण ज्याने त्याने स्वतःशी करावी. मराठवाड्यातली अनेक पोरे त्या महिन्यांत महामार्गावरून पायी घरी आली होती, आणि त्यात आपल्याच गावातल्या हॉटेलांतून निघालेलीही होती.

जोखीम आता वाढते आहे. मार्च २०२४ मध्ये नांदेडची विमानसेवा पुन्हा सुरू झाली. बाहेरचा, मोजून पैसे देणारा, चार देशांत राहिलेला पाहुणा येऊ लागेल, तसे मोठ्या साखळ्यांचे लक्षही इकडे वळेल. त्या आल्या की फरशीच्या चकाकीवर आपला निभाव लागणार नाही, त्यांची फरशी नेहमीच जास्त चकचकीत असते. स्थानिक मालकाजवळ एकच भांडवल उरते: इथल्या माणसांची ओळख, इथली जिव्हाळ्याची भाषा आणि वर्षानुवर्षे टिकलेले कर्मचारी. आज तेच सर्वांत स्वस्तात उधळले जात आहे. पाच-सात वर्षे हे असेच चालले तर अनुभवी माणसे बाहेर गेलेली असतील, कर्जाच्या इमारती इथे असतील आणि त्या चालवायला पुन्हा टेम्पोभर अकरावीची पोरे आणावी लागतील.

यात पाहुण्याचाही हात आहे, म्हणून शेवटची विनंती मालकांना नाही, वाचकांना आहे. मुलीच्या लग्नासाठी हॉल ठरवायला जाल तेव्हा झुंबर आणि मेनू पाहून झाल्यावर मालकाला तीन गोष्टी विचारा: वाढणाऱ्या मुलांची वये काय, त्यांना जेवण कधी मिळते, आणि इथे तीन वर्षांहून अधिक काळ टिकलेले किती जण आहेत. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा हॉल पाहा. आणि ज्याला तुम्ही हाक मारणार आहात त्याचे नाव आधी विचारून घ्या.